थोरल्या घरची सरी

बायडा दारात उभी राहिली आणि आत आलीच नाही. एरवी ही पोरगी उंबरा ओलांडायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची, त्यामुळे तिचं ते गप्प राहणं मला चुलीपासनंच ऐकू आलं.

"काय गं? पाय चिकटले का उंबऱ्याला?"

"आक्का, वेल रुसलीया."

भाकरी तव्यावर तशीच टाकून मी उठले. पानमळ्याच्या गावात हे शब्द कुणी उगाच बोलत नाही. खायच्या पानाची वेल वाळू दे, सडू दे, मुळासकट जाऊ दे, तोंडानं 'रुसली' एवढंच म्हणायचं. त्या रोगाचा खरा शब्द 'मर'. तो मळ्यात तर नाहीच, मळ्याच्या वाटेवरसुद्धा काढायचा नाही. काढला की रोग घर विचारत येतो, असं माझ्या सासऱ्याच्या आधीपासनं चालत आलेलं.

"लई हाय?"

"तुम्हीच बघा."

भादवा होता. एक सर येऊन जायची आणि मागनं ऊन असं पडायचं की अंगाची वाफ व्हायची. मळ्याच्या तोंडाला शेंदूर फासलेला लक्ष्मीचा धोंडा आहे. तिथं चपला काढल्या, पाया पडले आणि आत शिरले. बायडाचा पट्टा माझ्या मळ्याला लागूनच होता. शेवरीची झाडं रांगेनं उभी, प्रत्येक झाडाला एकेक वेल लव्हाळ्यानं बांधलेली. आठवड्यामागं मी बघून गेले तेव्हा पानं अशी तुकतुकीत होती की तोंड दिसावं. आता पाटाच्या तोंडाकडची सगळी पानं पिवळी पडून लोंबत होती, मार खाल्लेल्या पोरागत. पुढच्या सऱ्यांतली कुठं पिवळी, कुठं मलूल. पाटाच्या शेपटाला, जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचायचं, तिथली तेवढी एक सरी हिरवी होती.

"दसऱ्यापतोर टिकंल का, आक्का?"

मी एक पिवळं पान उलटं करून बघितलं. तिला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं.

हा पट्टा तिच्याकडं कसा आला, ते आधी सांगते.

त्याच्या दोन वर्षं आधी बाबर नावाचा एक तरणा साहेब मोटारसायकलवरनं आमच्या गावात यायला लागला होता. शेतीखात्याचा माणूस. गावची पोरं शहराकडं पळतात, ज्यांना जमीन नाही ती तर पहिली पळतात, तर त्यांना इथंच शेतीत पाय रोवून उभं करायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मळेवाल्यांनी एकेक तुकडा वाट्यानं द्यावा आणि आपली विद्या शिकवावी, एवढंच त्याचं मागणं. सगळ्या मळेवाल्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मग तो माझ्याकडं आला.

माझा दीर बापू तिथंच बसला होता. म्हणाला, "वहिनी, पानमळ्याची विद्या घराबाहेर देत न्हाईत."

"मग काय सरणावर घेऊन जाऊ? तुझ्या पोराला वेल उतरवाय सांगितली तर ते शेवरीवरनं स्वतःच खाली उतरतंय."

बाबर हसला, बापू हसला नाही, आणि तेवढ्यावर माझा निर्णय झाला. मालक गेल्यापासनं मळा मी राखला होता. माझा निवास हिशेबाला हुशार, बाजाराला हुशार, पण वेलीला हात लावला की वेल अंग चोरायची. वेल उतरवणं म्हणजे काय, तर वर्षाच्या वर्षाला ती शेवरीच्या टोकाला जाते आणि खाली नुसती उघडी दांडी राहते. मग गाठी सोडायच्या, सगळी वेल हळूच खाली घ्यायची, दांडीचं वेटोळं करून बुडात पुरायचं आणि कोवळा शेंडा तेवढा परत झाडाला बांधायचा. दांडी मोडली की वेल गेली. हे हातात असावं लागतं. निवासच्या हातात ते नव्हतं.

बाबरनं चार जणं आणली, तीन पोरं आणि एक ही. एक पोरगं चाकणच्या कारखान्यात गेलं. दुसऱ्याला चिखलात पाय घालायची शिसारी यायची, ते पायाला पिशव्या बांधून आलं, मी त्याला पिशव्यांसकट घरी पाठवलं. तिसऱ्याचा बाप म्हणाला, बाईच्या हाताखाली शिकून पोरगं काय दिवे लावणार. राहिली बायडा. तिची आई साळू माझ्याकडं पानं तोडायला यायची, बाप कधीच गेलेला. पोरगी लहानपणापासनं आईची डालगी उचलून मागं मागं फिरलेली. पहिल्या उतरणीला मी तिच्या हातात वेल दिली. तिनं ती अशी सोडवली, जशी आई झोपलेल्या लेकराच्या केसातला गुंता सोडवते.

बाबरही मधनंमधनं येऊन शिकवायचा. एकदा त्यानं मळ्यातच काटकीनं चिखलात पाट काढला, सऱ्या काढल्या आणि म्हणाला, "मर रोग वरून येत नाही. मातीतून येतो, पाण्याबरोबर चालतो. तोंडाची सरी आजारी असली, की पाणी तिचा रोग घेऊन पुढच्या सगळ्या सऱ्यांत जातं."

बापू ताडकन उठला. "साहेब, थुंका!"

"काय?"

"मळ्यात वंगाळ बोललासा. थुंका आधी!"

बिचारा थुंकला. थुंकी त्याच्याच बुटावर पडली आणि सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा. बायडा हसली नाही. ती चिखलातला पाट बघत होती. मला वाटलं, साहेब तरणा आहे, पोरगी त्याला बघतेय.

मग त्या भादव्याआधीच्या फाल्गुनात तिच्या पट्ट्यात नव्या वेलींची लावण झाली. आमच्यात नव्या मळ्याला बेणं विकत आणत नाहीत. प्रत्येक जुन्या घरानं आपल्या वेलीचं बेणं सुपात घालून आणायचं आणि नव्या मळेकऱ्याच्या ओटीत घालायचं, नारळ-खणासारखं. ज्या घरचं बेणं ती सरी त्या घरच्या नावानं. बेणं वाईट, बेणं थोडं, असं म्हणायची सोय नाही. ओटीत पडलेलं कुणी परत करत नाही.

निवास आमचं सूप भरून घेऊन आला. हिरवंगार बेणं. मी ते बायडाच्या ओटीत घातलं, कुंकू लावलं. पोरीनं सुपाकडं बघितलं, मग निवासकडं, आणि खाली बघून म्हणाली, "आक्का, तुमची सरी शेपटाला लावू?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. थोरल्या घरची सरी पाटाच्या तोंडाला, हे काय सांगायची गोष्ट आहे?

"आगं, लग्नाच्या पंगतीत सासूला चपलांजवळ बसवतीस व्हय?" मी म्हटलं.

बायका हसल्या. ती म्हणाली, "तसं न्हवं. तिकडं पाणी कमी पडतंय. तुमची वेल खंबीर, तगून ऱ्हाईल."

निवास तिच्या अंगावर खेकसला, "शिकवतीस कुणाला? दिलंय तिथं लाव."

आणि बापूनं निवाडा केला, "थोरलं घर तोंडाला. आम्ही धाकलं घर, आम्ही बसतो शेपटाला. झालं?"

बायडानं मान डोलावली आणि लावलं. पहिलं पाणी सोडलं तेव्हा ती दारं धरून उभी होती आणि आमच्या सरीतनं पाणी पुढं जाताना बघत होती. मी म्हटलं, "बघतीस काय, नजर लावतीस का माझ्या वेलीला?" ती माझ्याकडं बघून हसायचं म्हणून हसली.

आता दसऱ्याचं. दसऱ्याला नव्या मळ्याची पहिली पानं तोडून लक्ष्मीपुढं विडा ठेवला, की तो मळा त्या माणसाच्या नावानं बोलला जातो. बायडाचा मामा ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाचा माणूस होता. टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मामाच्या ओळखीत एक बिजवर होता, त्याची बायको फडातच वारलेली, त्याचा कोयता अर्धा झालेला. मामाला बायडा त्या अर्ध्या कोयत्याला जोडायची होती. साळूनं त्याच्या हातापाया पडून मुदत घेतली होती. दसऱ्याला विडा ठेवला तर पोरगी मळेकरी, मग मामानं परत विषय काढायचा नाही. नाही ठेवला, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळी निघते, त्यात ती.

म्हणून ती दसऱ्याचं विचारत होती.

वेल रुसल्याची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली आणि तिन्हीसांजेच्या आत तिला कारणही सापडलं. बाईनं अडचणीच्या चार दिवसांत मळ्यात पाऊल टाकायचं नाही, हे आमच्यात लहान पोरीलाही ठाऊक असतं. बायडा त्या दिवसांत मळ्यात गेली, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

साळू धावत माझ्याकडं आली. पदर तोंडात कोंबलेला.

"आक्का, माझी पोरगी तसली न्हाई. चार दिस ती बांधावर बसून हुती, मी सोता वेलीला पाणी पाजत हुते. लक्ष्मीची आण."

"मला काय सांगतीस? मी म्हणले का काय?"

"तुम्ही म्हणला न्हाईसा. पर तुम्ही न्हाई म्हणला तरच गाव ऐकंल."

बोलली ते खरं होतं. मी खुरपं घेतलं आणि परत पट्ट्यात गेले. आमच्या सरीची पहिली वेल उकरली. मूळ काळं पडलं होतं, चिमटीत धरलं तर साल बोटाला आली, आणि वास असा की कुजलेल्या रताळ्याचा बरा. दुसरी उकरली, तीच गत. मग पुढच्या घरची सरी. तिथं मुळाचं वरचं टोक काळं, खालचं अजून पांढरं. त्याच्या पुढं थोडं कमी. शेपटाला बापूची सरी उकरली. मुळं पांढरीशुभ्र, तांदळासारखी.

विटाळानं वेल रुसली असती, तर विटाळ काय घरं बघून शिवतो? तो थोरल्या घराला आधी आणि धाकट्याला नंतर, असा मान राखून कशाला जाईल?

मी तिथनंच माझ्या मळ्यात शिरले. ओढ्याकडच्या कोपऱ्याकडं. त्या कोपऱ्यात मी वर्षभर गेले नव्हते. निवास म्हणाला होता, "आये, तिकडं आग्या मोहोळ बसलंय, जाऊ नको." मोहोळ नव्हतं. नुसत्या शेवऱ्या उभ्या होत्या, उघड्या, एकीलाही वेल नाही. जमीन चुन्यानं पांढरी झालेली आणि मधनंमधनं मोरचुदाचे निळे डाग. कुणीतरी गुपचूप औषध ओतत होतं. माती उकरली. तोच वास.

निवास मागं येऊन उभा राहिलेला मला त्याच्या सावलीवरनं कळला.

"कधीपासनं?" मी वळून न बघता विचारलं.

"गेल्या पावसापासनं."

"आणि बेणं हितलं काढलंस."

"तवा वरनं हिरवंगार हुतं, आये. हितली वेल काढायचीच हुती. वरच्या अंगाची काढली असती तर पानाचा तोडा कमी झाला असता. म्हटलं, नव्या मातीत धरंल."

"नव्या मातीत? का दुसऱ्याच्या मातीत?"

तो चिडला. खरं बोलायची पाळी आली की तो नेहमी चिडतो, बापावर गेलाय. "मग काय करायचं हुतं? थोरल्या घरची वेल रुसली म्हणून गावात दवंडी द्यायची? ओटी द्यायच्या दिवशी आमचं सूप रिकामं? तुला चाललं असतं? तुला?"

मी हात उचलला. पण हाताला त्या कोपऱ्याची माती लागलेली होती. ती माझ्या लेकाच्या तोंडाला लावायची नाही म्हणून मी हात खाली घेतला.

"उद्या लक्ष्मीपुढं मळेवाले बसणार हायती," मी म्हटलं. "तिथं तू बोलायचं."

"मी न्हाई बोलणार."

"मग मी बोलते."

सकाळी सगळे जमले. धोंड्यासमोर चपलांची रांग आणि पलीकडं अनवाणी माणसं. बायडाला एका बाजूला उभं केलं होतं, साळू तिच्या मागं. बापूनं सांगितलं, पोरीनं लक्ष्मीवर घागर ओतावी, चुकलं म्हणावं, पट्टा परत द्यावा, आणि माय-लेकींनी कुणाच्याच मळ्यात पुन्हा पाऊल टाकू नये.

"पानतोडीलाबी न्हाई?" साळूनं विचारलं.

"पानतोडीलाबी न्हाई."

साळू मटकन खाली बसली. बायडा उभीच. तिनं घागर उचलायला हात पुढं केला.

"ठेव ती खाली," मी म्हटलं. "बापू, पोरीचा काही संबंध न्हाई. मर माझ्या मळ्यातनं तिच्यात गेली."

त्या शब्दासरशी माणसं मागं सरकली. दोघं-तिघं तिथंच थुंकले. बापूचा चेहरा मऊ झाला.

"वहिनी, तुमचं मन मोठं. पोरीवर तुमचा जीव, म्हणून तुम्ही तिचं पाप पदरात घेताय."

"माझ्या पदराला शेण लावू नकोस. निवास, सांग ह्यास्नी."

निवासनं जमिनीकडं बघितलं. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं आणि तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं.

"आयेचं वय झालंय," तो म्हणाला. "काल दिसभर उन्हात उकरत बसली हुती."

माझं वय झालंय म्हणे. मी बापूचं मनगट धरलं, सगळ्यांच्या देखत दिराचं मनगट, आणि त्याला ओढत ओढ्याकडच्या कोपऱ्यात नेलं. माणसं मागनं आली. कुणी हाताला धरून अडवलं नाही, हे त्यांचे उपकार. मी उघड्या शेवऱ्या दाखवल्या. खुरप्यानं माती काढून बापूच्या नाकाशी धरली.

"घे वास. तुझ्या विटाळाचा हाय का हा वास?"

बापू पानाचा माणूस. त्याला शिकवावं लागत नाही. त्यानं वास घेतला आणि तोंड बाजूला केलं. बाकीच्यांनीही बघितलं. चुना बघितला, निळे डाग बघितले, एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, झालं. सुटली पोरगी.

मग बापू माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "वहिनी, टाका ती माती. आमच्या समद्यांच्या मळ्यात तुमच्याच घरचं बेणं हाय. आज हे तोंडानं बोललो, तर उद्या व्यापाऱ्याची गाडी ओढ्याच्या पलीकडनंच परत जाईल. एका पोरीपायी गाव बसवता का खाली?"

"मग तिनं काय करायचं?"

"तिचं काय, तिचा मळा कालपरवाचा. तिला मामा हाय."

मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. एकानंही नजर वर केली नाही. त्यांना सगळं पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच ते तसे उभे होते.

परत येईपर्यंत बायडानं घागर ओतली होती. लक्ष्मीचा शेंदूर ओघळून खाली आला होता आणि ती ओल्या पायांनी उभी होती.

"कुणी सांगितलं तुला ओताय?" मी ओरडले.

"आक्का, आईला पानतोड तरी द्या म्हणावं. मी जाते."

मी बापूला सांगितलं, ही पोरगी माझ्या मळ्यात राहील, कुणाच्या बापाचं काय जातंय बघते. बापू म्हणाला, मग तुमच्या मळ्यात तोडीला बाई येणार नाही, उतरणीला गडी येणार नाही. नका येऊ, म्हटलं. मी एकटी उतरवीन, झाडावरनं पडून मेले तर तिथंच पुरा. असं मी बरंच बोलले. बोलण्यात मला कुणी हरवत नाही. पण साळू दुसऱ्या दिवशी मामाच्या घरी गेली आणि होकार देऊन आली. तिला पानतोड मिळाली. पाच माणसांत, देवळाच्या ओट्यावर लग्न लागलं. मला बोलावणं नव्हतं.

आमच्या गावात आता पानमळा औषधालाही नाही. पुढच्या दोन-तीन पावसांत एकेकाचा गेला, आधी माझा, मग बाकीच्यांचे, बापूचा सगळ्यात शेवटी. तिथं आता ऊस आहे. कुणी पाव्हण्यानं विचारलं की मळे कशानं गेले, तर अजून बायडाचं नाव सांगतात. मी तिथं असले की मर म्हणते. मोठ्यानं म्हणते. म्हातारी झाली, तोंडाला येईल ते बोलते, असं म्हणून निवास पाव्हण्याला दुसऱ्या खोलीत नेतो.

पण माझ्या डोळ्यांपुढनं जात नाही तो ट्रॅक्टर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो चावडीपुढं उभा होता. ट्रॉलीत गाठोडी, पातेली, पत्रे, दोन शेळ्या, आणि त्या सगळ्यावर माणसं. बायडा मागच्या फाळक्याला टेकून बसली होती. हिरवा चुडा, कपाळाला मळवट, मांडीवर नवा कोयता. शेजारी तिचा नवरा बिडी ओढत होता. वाईट दिसत नव्हता माणूस, दमलेला दिसत होता.

मी सूप घेऊन गेले होते. सुपात नारळ, खण आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेलं बेणं. माझ्या मळ्याच्या वरच्या अंगाचं, मी स्वतः मूळ बघून काढलेलं.

"खाली उतर," मी म्हटलं. "वरचा अर्धा मळा तुझ्या नावानं. ह्या तुझ्या मालकालाबी ठेवून घेते. बघू कोण काय म्हणतंय."

नवऱ्यानं बिडी खाली घेतली. बायडा माझ्याकडं बघत राहिली.

"आक्का, मला ठाव हुतं."

"काय?"

"निवासदादा कोपऱ्यातनं बेणं काढत हुते, तवा डालगी धराय मीच हुते. मुळाला वास येत हुता."

माझ्या हातातलं सूप जड झालं. "आणि बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? तो शब्द मळ्यात काढायचा न्हाई. निवासदादांचं नाव घ्यायचं न्हाई. आणि तुम्ही तर ओटीत घातलंसा. ओटीतलं परत कसं करायचं?" ती थांबली. "म्हटलं, शेपटाला लावू. रोग असंल तर तिथल्या तिथं ऱ्हाईल. फुडं पाणीच न्हाई जायाला."

बाबरच्या काटकीचा पाट मला तेव्हा दिसला. आणि दारं धरून उभी राहिलेली ती, आमच्या सरीतनं पुढं जाणारं पाणी बघत.

ट्रॅक्टरवाल्यानं चाक फिरवलं. साळू रडत ट्रॉलीला हात लावून चालायला लागली. मीही चालायला लागले.

"बायडा, पदर पुढं कर. हे चांगलं हाय. मी सोता बघितलंय मूळ."

"व्हय, चांगलंच असंल."

"मग घे की!"

तिनं पदर पुढं केला नाही. तो कमरेला खोचलेला होता, फडात खोचतात तसा, आणि दोन्ही हात कोयत्यावर होते.

"ओटी नको, आक्का," ती म्हणाली. रागानं नाही. पाणी हवंय का विचारल्यावर नको म्हणावं, तशी.

ट्रॅक्टर ओढ्याच्या उतारावरनं खाली गेला. चावडीवर माणसं बसली होती, बापू होता, पाणवठ्यावर बायका होत्या. मी सूप डोक्यावर घेतलं नाही, पदराखाली झाकलं नाही. नारळ, खण आणि बेणं तसंच हातात धरून, भर गावातनं, चालत घरी आले.